हलकेपणाचा विवेक : डिझाइनच्या ऑनलाइन पोर्टफोलिओतील फाइलभाराची समीक्षा

सारांश

डिझाइनच्या विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ आता प्रामुख्याने संकेतस्थळाच्या किंवा पीडीएफच्या रूपात पाहिला जातो. त्याचे मूल्यमापन करताना आशय, मांडणी आणि कौशल्य यांचा विचार होतो. परंतु तो पोर्टफोलिओ किती जड आहे, तो उघडण्यास किती वेळ लागतो आणि तो कोणापर्यंत पोहोचतच नाही, याचा विचार सहसा होत नाही. फाइलचा आकार कमी करणे ही निव्वळ तांत्रिक बाब नसून ती निवडीची, म्हणजेच पर्यायाने डिझाइनचीच कृती आहे, असे प्रतिपादन प्रस्तुत लेखात केले आहे. पुण्यातील मुद्रणपरंपरा आणि देवनागरी लिपीचा संगणकावरील प्रवास यांच्या संदर्भात या प्रश्नाचा परामर्श घेतला असून अध्यापनाच्या दृष्टीने काही सूचना शेवटी मांडल्या आहेत.

बीजशब्द : ऑनलाइन पोर्टफोलिओ, फाइलभार, प्रतिमासंकोचन, देवनागरी, वेबफॉन्ट, मूल्यमापन

१. प्रास्ताविक

पुणे शहर व परिसरात डिझाइनचे शिक्षण देणाऱ्या संस्थांची संख्या गेल्या दोन-अडीच दशकांत लक्षणीय वाढली. अभिनव कला महाविद्यालयासारखी उपयोजित कलेची जुनी परंपरा शहरात होतीच. २००४ मध्ये सिंबायोसिसची आणि २००६ मध्ये लोणी काळभोर येथील एमआयटीची डिझाइन संस्था सुरू झाली. त्यानंतर अनेक महाविद्यालयांनी दृश्यसंप्रेषण, उत्पादन-डिझाइन, वस्त्र-डिझाइन असे अभ्यासक्रम उघडले. या सर्व अभ्यासक्रमांचे फलित अखेरीस एकाच गोष्टीत एकवटते, ती म्हणजे पोर्टफोलिओ. पूर्वी विद्यार्थी काळ्या रेक्झिनच्या मोठ्या फोल्डरमध्ये ड्रॉइंगचे कागद घेऊन येत असे. आता तो एक दुवा पाठवितो.

एका महाविद्यालयातील निवड समितीत काम करीत असताना आलेला अनुभव येथे नोंदवावासा वाटतो. प्रत्येक उमेदवारासाठी सहा-सात मिनिटांचा अवधी होता. एका विद्यार्थ्याचा दुवा उघडला तेव्हा पडद्यावर केवळ राखी रंगाचे चौकोन दिसू लागले. पहिली प्रतिमा वरून खाली, पट्टीपट्टीने उतरत होती. विद्यार्थी ओशाळून म्हणाला, "सर, होस्टेलवर लगेच उघडतं." समितीतील सदस्यांनी दोन-तीन प्रश्न विचारले, घड्याळ पाहिले आणि पुढच्या उमेदवारास बोलावले. त्याचे काम चांगले होते की वाईट, याविषयी समितीला काहीच सांगता आले नसते. कारण ते कोणी पाहिलेच नव्हते. तरीही गुण मात्र द्यावे लागले आणि ते दिले गेले.

या घटनेचा दोष कोणाचा? जाळ्याचा, महाविद्यालयातील यंत्राचा, विद्यार्थ्याचा, की पोर्टफोलिओ 'कसा दिसावा' हे शिकविणाऱ्या परंतु तो 'कसा पोहोचावा' हे न शिकविणाऱ्या अभ्यासक्रमाचा? प्रस्तुत लेखाचा हेतू हा प्रश्न नीट मांडण्याचा आहे.

२. भाराचे गणित

प्रथम साधे गणित पाहू. आजच्या मध्यम प्रतीच्या कॅमेऱ्यातून निघणारे छायाचित्र सुमारे ६००० × ४००० पिक्सेलचे असते. म्हणजे २ कोटी ४० लाख पिक्सेल. प्रत्येक पिक्सेलसाठी लाल, हिरवा व निळा या तीन रंगांचा प्रत्येकी एक बाइट धरला, तर ही प्रतिमा मूळ रूपात ७२ मेगाबाइटची होते. कॅमेरा तिचे संकोचन करून साधारण ८ ते १० मेगाबाइटची जेपेग फाइल देतो. हीच फाइल विद्यार्थी जशीच्या तशी संकेतस्थळावर चढवितो. पाहणाऱ्याच्या पडद्यावर मात्र त्या चित्रासाठी बहुधा १६०० पिक्सेलपेक्षा अधिक रुंदी उपलब्ध नसते. १६०० × १०६७ पिक्सेल म्हणजे सुमारे १७ लाख पिक्सेल. याचा अर्थ, पाठविलेल्या चौदा पिक्सेलपैकी तेरा पिक्सेल पाहणाऱ्याच्या डोळ्यांपर्यंत येत नाहीत. ते फक्त वाट अडवितात.

बारा प्रकल्प आणि प्रत्येकी पाच प्रतिमा असा पोर्टफोलिओ धरला, तर साठ प्रतिमांचा भार ८ मेगाबाइटच्या हिशेबाने ४८० मेगाबाइट होतो. त्याच प्रतिमा योग्य मापात आणून प्रत्येकी २५० किलोबाइटच्या केल्या, तर एकूण भार १५ मेगाबाइटवर येतो. शिवाय पडद्याबाहेरच्या प्रतिमा वाचक खाली सरकेल तेव्हाच मागवाव्यात, अशी सोय ब्राउझरमध्ये २०१९ पासून मूळातच येऊ लागली आहे. तिचा उपयोग केल्यास आरंभीच्या दर्शनासाठी एक मेगाबाइटसुद्धा लागत नाही. सेकंदाला ८ मेगाबिट इतक्या गतीच्या जोडणीवर ८ मेगाबाइटची एक प्रतिमा उतरण्यास किमान आठ सेकंद लागतात, तर २५० किलोबाइटची प्रतिमा पाव सेकंदात येते.

'आता गती वाढली आहे, तेव्हा हा हिशेब कशाला?' असा प्रश्न येथे उपस्थित होईल. भारतात सर्वसामान्यांसाठी इंटरनेट सेवा १५ ऑगस्ट १९९५ रोजी विदेश संचार निगमाने सुरू केली. पुढील काळात प्रचलित झालेल्या ५६ किलोबिटच्या मोडेमवर एक मेगाबाइट उतरविण्यास सव्वादोन मिनिटांहून अधिक काळ लागे. २००४ च्या धोरणात 'ब्रॉडबँड'ची किमान गती २५६ किलोबिट ठरली, २०१३ मध्ये ती ५१२ किलोबिट झाली आणि २०२३ मध्ये २ मेगाबिट करण्यात आली. गती वाढली हे निर्विवाद आहे. परंतु तिच्या पाठोपाठ पानांचे वजनही वाढले. जगभरातील संकेतस्थळांची नियमित मोजणी करणाऱ्या एचटीटीपी आर्काइव्हच्या नोंदींनुसार २०१० च्या सुमारास मध्यम पानाचे वजन अर्ध्या मेगाबाइटच्या आसपास होते. २०२२ मध्ये ते दोन मेगाबाइटच्या पुढे गेले. रस्ता रुंद केला की वाहने वाढतात आणि कोंडी कायम राहते, याचा अनुभव पुणेकरांना निराळा सांगावयास नको.

याशिवाय, सरासरी गती ही फसवी गोष्ट आहे. मुळशी किंवा भोर तालुक्यातील डोंगराआड असलेल्या गावात सुटीसाठी गेलेला शिक्षक, लोकलमधून प्रवास करताना फोनवर अर्ज चाळणारा कलादिग्दर्शक, एकाच वायफायवर चाळीसजण बसलेली संगणकशाळा, हे पोर्टफोलिओचे प्रत्यक्ष प्रेक्षक आहेत. संगणक-वापराच्या अभ्यासात याकोब निल्सन यांनी १९९३ मध्ये तीन मर्यादा रूढ केल्या : एकदशांश सेकंदापर्यंतचा प्रतिसाद तात्काळ भासतो, एका सेकंदापर्यंत विचारांची साखळी तुटत नाही आणि दहा सेकंदांनंतर लक्ष दुसरीकडे वळते. गूगलने २०२० मध्ये जाहीर केलेल्या निकषांतही पानावरील सर्वांत मोठा दृश्य घटक अडीच सेकंदांच्या आत दिसावा, अशी अपेक्षा आहे. यंत्रे बदलली, तरी माणसाचा धीर फारसा बदललेला नाही.

३. संकोचन म्हणजे काय टाकावे याचा निर्णय

फाइल लहान करणे म्हणजे 'दर्जा कमी करणे' असा समज विद्यार्थ्यांमध्ये, आणि काही प्रमाणात अध्यापकांमध्येही, दृढ आहे. तो अंशतःच खरा आहे. संकोचनाचे दोन प्रकार आहेत. पहिल्यात माहितीतील पुनरुक्ती काढून टाकली जाते आणि मूळ चित्र जसेच्या तसे परत मिळते. १९९६ मध्ये सिद्ध झालेली पीएनजी ही पद्धत या प्रकारची आहे. दुसऱ्यात मानवी डोळ्यास फारसे जाणवणार नाही असे तपशील कायमचे टाकले जातात. १९९२ मध्ये प्रमाणित झालेली जेपेग ही या प्रकारची सर्वांत परिचित पद्धत होय.

जेपेगच्या मुळाशी असलेले गणित भारतीय अभ्यासकांना जवळचे वाटावे असे आहे. बंगळूर येथे जन्मलेले नासिर अहमद यांनी टी. नटराजन आणि के. आर. राव यांच्यासह जानेवारी १९७४ मध्ये 'डिस्क्रीट कोसाइन ट्रान्सफॉर्म' या रूपांतरणावरील शोधनिबंध प्रसिद्ध केला. जेपेग पद्धतीत चित्राचे ८ × ८ पिक्सेलचे चौकोन पाडून प्रत्येक चौकोनावर हे रूपांतरण केले जाते. चौकोनातील संथ, व्यापक छटाबदल एका बाजूला आणि बारीक, झटपट बदल दुसऱ्या बाजूला असे त्यांचे पृथक्करण होते. डोळा बारीक बदलांविषयी कमी संवेदनशील असल्यामुळे त्यांची नोंद ढोबळ केली जाते किंवा वगळली जाते. मानवी दृष्टीविषयीचे एक निरीक्षण येथे गणितात उतरले आहे.

या कार्यपद्धतीतून समीक्षेला उपयुक्त असा एक निष्कर्ष निघतो. छायाचित्रात, म्हणजे त्वचा, आकाश, कापडाची घडी अशा क्रमशः बदलणाऱ्या छटांत, जेपेग उत्तम चालते. अक्षरचित्रात किंवा सपाट रंगांच्या भित्तिपत्रकात ते नडते. कारण अक्षराची कड हा मुळातच झटपट बदल असतो आणि नेमका तोच टाकला जातो. परिणामी अक्षरांभोवती धुरकट ठिपके उमटतात. एखाद्या विद्यार्थ्याने सुलेखनाचा प्रकल्प अतिसंकोचित जेपेगमध्ये सादर करणे, म्हणजे लेखणीच्या कटाचे सौंदर्य दाखविण्यासाठी बोथट लेखणी वापरण्यासारखे आहे. त्याच अक्षराची बाह्यरेषा २००१ मध्ये प्रमाणित झालेल्या एसव्हीजी या रेषाधारित पद्धतीत ठेवली, तर ती काही किलोबाइटमध्ये मावते आणि कितीही मोठी केली तरी तिची कड फाटत नाही. २०१० नंतर आलेल्या वेबपी व २०१९ मधील एव्हीआयएफ या पद्धतींनी छायाचित्रांचा भार आणखी घटविला आहे. तथापि कोणती पद्धत 'सर्वोत्तम' हा प्रश्न व्यर्थ आहे. या कामात काय महत्त्वाचे आहे, रेषा, छटा, पोत की रंग, हा खरा प्रश्न आहे आणि त्याचे उत्तर विद्यार्थ्यानेच द्यावयाचे आहे. फाइल निर्यात करण्याच्या खिडकीत त्याने केलेली निवड हे त्याच्या स्वतःच्या कामाविषयीचे भाष्यच असते.

४. मर्यादा आणि मुद्रणपरंपरा

मर्यादेतून निवड करावी लागणे ही पुण्याच्या दृश्यसंस्कृतीला नवी गोष्ट नाही. विष्णुशास्त्री चिपळूणकर यांच्या पुढाकाराने १८७८ मध्ये पुण्यात चित्रशाळेची स्थापना झाली आणि शिळाछापावरील रंगीत चित्रे घरोघर पोहोचली. रंगीत शिळाछापाच्या तंत्रात प्रत्येक रंगासाठी स्वतंत्र शिळा तयार करावी लागते आणि कागद तितक्या वेळा यंत्राखालून काढावा लागतो. आणखी एक रंग म्हणजे आणखी एक शिळा, आणखी एक छपाई आणि जुळणी चुकण्याची आणखी एक शक्यता. पुढे खिळेछपाईच्या काळात चित्रासाठी धातूचा ठसा, म्हणजे ब्लॉक, करावा लागे आणि त्याचा खर्च त्याच्या क्षेत्रफळाप्रमाणे वाढे. संपादकाला 'हे चित्र हवेच का, आणि हवे असेल तर केवढे?' असा प्रश्न प्रत्येक वेळी विचारावा लागे.

या मर्यादांचे उदात्तीकरण करण्याचे कारण नाही. त्यांमुळे अनेक चांगली चित्रे छापलीच गेली नाहीत, हेही खरे आहे. परंतु त्या व्यवस्थेत भाराची किंमत निर्माता स्वतः मोजत होता. आजच्या पोर्टफोलिओत ही किंमत निर्मात्याला दिसत नाही. ती पाहणाऱ्याच्या वेळेतून आणि डेटामधून वसूल होते. चढविणाऱ्यास फाइल मोठी ठेवण्यात काहीच श्रम पडत नाहीत. उलट ती लहान करण्यातच श्रम आहेत. हा फरक मूलभूत आहे आणि अतिभाराचे मूळ त्यात आहे.

भारतातील डिझाइन-शिक्षणाचा पाया ज्या दस्तऐवजाने घातला, त्या चार्ल्स व रे ईम्स यांच्या १९५८ च्या 'इंडिया रिपोर्ट'मध्ये साध्या लोट्याचा विचार केला आहे, हे अध्यापकांना ज्ञात आहेच. लोटा हातात, कमरेवर वा डोक्यावर कसा पेलला जातो, भरलेला असताना व रिकामा असताना त्याचा तोल कसा राहतो, असे प्रश्न तेथे आकाराच्या सौंदर्याइतकेच महत्त्वाचे मानले आहेत. आपण हा उतारा वर्गात शिकवितो आणि त्यानंतर विद्यार्थ्याचा पोर्टफोलिओ पाहताना 'हा पेलला जातो का?' हे विचारावयाचे विसरतो, ही विसंगती लक्षात घेण्यासारखी आहे.

५. देवनागरीचा विशेष प्रश्न

मराठी पोर्टफोलिओच्या बाबतीत या चर्चेला एक वेगळे परिमाण आहे आणि त्याचा पुण्याशी निकटचा संबंध आहे. प्रगत संगणन विकास केंद्र, म्हणजे सी-डॅक, १९८८ मध्ये पुण्यात स्थापन झाले. आयआयटी कानपूर येथे सुरू झालेले जिस्ट तंत्रज्ञान सी-डॅकने पुढे विकसित केले आणि भारतीय लिप्या संगणकावर रुळल्या. १९९१ मध्ये 'इस्की' ही भारतीय लिप्यांसाठीची संकेतप्रणाली प्रमाणित झाली. पुण्याच्याच मॉड्युलर इन्फोटेकच्या 'श्री-लिपी'ने मराठी डीटीपीचे क्षेत्र व्यापले. आप्पा बळवंत चौकाच्या परिसरातील अक्षरजुळणीच्या व्यवसायाने या साधनांवर हजारो पुस्तके सिद्ध केली. हे ऋण मोठे आहे.

परंतु त्या काळातील अनेक फॉन्टमध्ये देवनागरी आकार रोमन अक्षरांच्या संकेतस्थानी बसविलेले होते. फॉन्ट नसलेल्या यंत्रावर तो मजकूर निरर्थक रोमन चिन्हांची रांग होऊन दिसे. यावर डिझाइनकारांनी शोधलेला उपाय म्हणजे मजकुराचे चित्र करणे. छपाईसाठी अक्षरांच्या बाह्यरेषा करून पाठविण्याची सवय संकेतस्थळावरही आली आणि युनिकोड सर्वत्र उपलब्ध झाल्यावरही ती टिकून राहिली. विंडोज २००० बरोबर प्रा. र. कृ. जोशी यांनी रेखाटलेला 'मंगल' हा युनिकोड फॉन्ट आला. मुंबईच्या एक टाइप या गटाचा 'मुक्त'सारखा फॉन्ट आज विनामूल्य उपलब्ध आहे. तरीही आपल्या विद्यार्थ्यांच्या पोर्टफोलिओत प्रकल्पाचे मराठी शीर्षक, भूमिका आणि श्रेयनामावली चित्राच्या आतच चिकटविलेली आढळते.

याचा भार किती? तीनशे शब्दांच्या मराठी टिपणात साधारण दोन हजार संकेतचिन्हे असतात. यूटीएफ-८ मध्ये देवनागरीच्या प्रत्येक चिन्हास तीन बाइट लागतात. 'पुणे' या शब्दात प, उकार, ण आणि मात्रा अशी चार चिन्हे असून त्यास बारा बाइट लागतात. इस्कीमध्ये तो चार बाइटमध्ये मावत असे. या तिपटीची तक्रार काही काळ केली गेली. परंतु ती व्यवहारात टिकत नाही. देवनागरीच्या सर्व चिन्हांचा पहिला बाइट एकच असतो आणि दुसरा दोनपैकी एक असतो. त्यामुळे पान पाठविताना सर्व्हर जे संकोचन करतो, त्यात ही पुनरुक्ती बव्हंशी विरून जाते. म्हणजे तीनशे शब्दांचा मजकूर मुळात सहा किलोबाइटचा, आणि प्रत्यक्ष प्रवासात त्याहूनही कमी. त्याच मजकुराचे सुवाच्य चित्र मात्र दीड-दोनशे किलोबाइट सहज घेते. भाराचा हा फरक पंचवीस-तीस पटींचा आहे. त्याहून गंभीर बाब अशी की, चित्रातील मराठी शोधयंत्रास सापडत नाही, दृष्टिहीन वाचकाच्या पठन-आज्ञावलीस वाचता येत नाही आणि अवतरण म्हणून उचलताही येत नाही. आपल्या भाषेत उत्तम अक्षररचना करणारा विद्यार्थी स्वतःच्याच भाषेतील शोधात अदृश्य राहतो.

यावरील मार्ग वेबफॉन्टचा आहे. पण तेथेही विवेक लागतो. जोडाक्षरे व मात्रांच्या विविध रूपांमुळे देवनागरी फॉन्टमध्ये आकारांची संख्या रोमनपेक्षा पुष्कळ अधिक असते आणि फाइल मोठी होते. २०१८ मध्ये मान्यता पावलेल्या वॉफ-२ या संकोचित स्वरूपाने हा भार बराच उतरतो. अनावश्यक आकार गाळून फॉन्टची 'छाटणी' करण्याची साधनेही उपलब्ध आहेत. मात्र रोमन लिपी डोळ्यांपुढे ठेवून केलेली छाटणी मराठीचा घात करते. जोडाक्षरे घडविणारे नियम काढले गेले, तर हलन्त चिन्हांची माळ दिसू लागते. शून्य रुंदीचे जोडचिन्ह 'निरुपयोगी' समजून गाळले, तर त्या पद्धतीने टंकित केलेल्या 'दुसर्‍या'मधील डोळ्याच्या पापणीसारखा अर्धा र मोडतो. भाषानिहाय रूपांचे नियम गाळले, तर ज्या फॉन्टमध्ये ल आणि श यांची मराठी रूपे त्या नियमांवर अवलंबून असतात, तेथे ती हिंदी वळणाची होतात. महाराष्ट्र शासनाने २००९ च्या निर्णयाने या वर्णांची मराठी रूपे निश्चित केली आहेत, हे येथे स्मरणीय आहे. काही किलोबाइट वाचविण्यासाठी लिपीची ओळख पुसणे हा हलकेपणा नव्हे. ती हानी आहे. भार कमी करणे आणि अर्थ कमी करणे यांतील सीमारेषा देवनागरीत जितकी स्पष्ट दिसते, तितकी ती क्वचितच अन्यत्र दिसेल.

६. काही आक्षेपांचा विचार

पहिला आक्षेप दर्जाचा. वस्त्र-डिझाइनच्या विद्यार्थिनीने पैठणीच्या पदराची वीण दाखवावयाची, तर तिला सूक्ष्म तपशील हवाच. तो गाळून काम कसे जोखणार? हा आक्षेप सबळ आहे. परंतु त्याचे उत्तर सर्व साठ प्रतिमा पूर्ण मापात ठेवणे हे नाही. पदराचे समग्र चित्र हलके असावे आणि विणीचा एक निवडक भाग मूळ तपशिलासह, पाहणाऱ्याने मागितल्यासच, उघडावा. असे केल्याने परीक्षकाचे लक्ष नेमके कोठे जावे हेही विद्यार्थिनी ठरविते. सर्वच तपशील सारख्याच आग्रहाने पुढे केला, तर काहीच ठळक होत नाही.

दुसरा आक्षेप असा की, २०१६ मध्ये जिओची सेवा सुरू झाल्यापासून डेटा स्वस्त झाला आहे. तो स्वस्त झाला हे खरे. परंतु स्वस्ताई आणि उपलब्धता या भिन्न गोष्टी आहेत. गर्दीच्या वेळी, भिंतीआड किंवा डोंगराआड गती किती मिळेल, हे दरपत्रकावरून ठरत नाही.

तिसरा आक्षेप असा की, बिहान्ससारखी व्यासपीठे प्रतिमांची लहान रूपे आपोआप तयार करतात, मग विद्यार्थ्याने हे का शिकावे? ही सोय उपयुक्त आहे; परंतु यंत्र भित्तिपत्रकातील अक्षराची कड आणि छायाचित्रातील धुके यांत कामाच्या दृष्टीने भेद करीत नाही. शिवाय परावलंबनाचा धडा आपल्यापुढे आहे. २००० नंतरच्या दशकात फ्लॅशमध्ये बांधलेले पोर्टफोलिओ ही प्रतिष्ठेची बाब होती. शून्यापासून शंभरापर्यंत चढणारा आकडा पाहत प्रेक्षक थांबत असे. ३१ डिसेंबर २०२० रोजी ॲडोबीने फ्लॅशचा आधार थांबविला आणि त्या काळातील कामांचा मोठा भाग आजच्या ब्राउझरमध्ये उघडेनासा झाला. साधी प्रतिमा आणि साधा मजकूर यांवर उभी असलेली त्याच काळातील पाने मात्र आजही उघडतात. हलकेपणाचा संबंध केवळ गतीशी नाही, तर टिकाऊपणाशीही आहे.

७. अध्यापन व मूल्यमापनाविषयी सूचना

उपरोक्त विवेचनाच्या आधारे पुढील सूचना विचारार्थ मांडता येतील.

पहिली, पोर्टफोलिओच्या प्रकल्पात भाराची मर्यादा ही कागदाच्या मापाइतकीच आरंभी सांगावी; उदाहरणार्थ, आरंभीचे दर्शन एका मेगाबाइटच्या आत आणि एकूण संकलन वीस मेगाबाइटच्या आत. आकडे बदलता येतील. मर्यादा असणे महत्त्वाचे आहे.

दुसरी, सादरीकरणापूर्वी प्रत्येक पोर्टफोलिओ साध्या फोनवर, मोबाइल डेटावर आणि स्वतःच्या नसलेल्या यंत्रावर तपासावा. स्वतःच्या यंत्रावर एकदा उघडलेल्या प्रतिमा ब्राउझर साठवून ठेवतो. त्यामुळे 'माझ्याकडे लगेच उघडते' हा पुरावा ठरत नाही. ब्राउझरमध्येच मंद जोडणीचा आभास निर्माण करण्याची सोय असते, तिचा वर्गात वापर व्हावा.

तिसरी, मूळ फाइल आणि सादरीकरणाची फाइल यांतील भेद पहिल्याच सत्रात शिकवावा. जेपेग पुनःपुन्हा जतन केल्यास प्रत्येक वेळी काहीतरी गमावते. म्हणून मूळ प्रत अबाधित ठेवून तिच्यापासूनच लहान प्रती काढण्याची शिस्त लागावी.

चौथी, मराठी मजकूर युनिकोडमध्ये, मजकूर म्हणूनच ठेवावा आणि प्रत्येक प्रतिमेस मराठीत वर्णनपर ओळ जोडावी.

पाचवी सूचना संस्थांसाठी आहे. प्रवेश-अर्जात 'पीडीएफ ५ मेगाबाइटपर्यंत' अशी अट घातली जाते. पण ती कशी पाळावी याचे मार्गदर्शन नसते. मग अखेरच्या रात्री विद्यार्थी कोणत्यातरी अनोळखी संकेतस्थळावर आपले अप्रकाशित काम चढवून फाइल दाबून घेतो. त्यात गुणवत्ता जाते आणि कामावरील नियंत्रणही जाते. अट घालणाऱ्याने प्रतिमेचे माप, पृष्ठसंख्या आणि रीत यांची अर्ध्या पानाची टीप देणे कठीण नाही.

सहावी सूचना परीक्षकांसाठी, म्हणजे आपल्यासाठी आहे. मुलाखतीच्या आदल्या दिवशी सर्व दुवे उघडून पाहावेत आणि जो उघडत नाही त्याची सूचना उमेदवारास द्यावी. जाळ्याची मंदगती ही विद्यार्थ्याची अपात्रता म्हणून नोंदली जाऊ नये.

८. समारोप

फाइलचा आकार कमी करण्याची कौशल्ये दोन तासिकांत शिकविता येतात. पण त्यांमागील विवेक, म्हणजे पाहणारा कोण आहे, त्याच्याजवळ किती वेळ आहे, माझ्या कामातील अपरिहार्य ते काय, हा विचार संपूर्ण अभ्यासक्रमभर जोपासावा लागतो. साठ प्रतिमांचा भार कमी करण्याचा सर्वांत परिणामकारक उपाय कोणत्याही आज्ञावलीत नाही. तो साठांपैकी पंचवीस निवडण्यात आहे. तेथे तांत्रिक प्रश्न संपतो आणि समीक्षेचा आरंभ होतो.

प्रास्ताविकात उल्लेखिलेल्या विद्यार्थ्याचा दुवा प्रस्तुत लेखकाने त्याच रात्री घरी पुन्हा उघडला. सगळ्या प्रतिमा उतरेपर्यंत चहा करून झाला. त्यानंतर जे दिसले ते एसटी स्थानकांवरील फलकांसाठी केलेले देवनागरी अक्षररचनेचे अत्यंत विचारपूर्वक काम होते. दुरून वाचता यावे म्हणून त्याने अक्षरांतील पोकळ्या मोकळ्या केल्या होत्या आणि घाईत असलेल्या प्रवाशाचा विचार प्रत्येक फलकात केला होता. आपल्या पोर्टफोलिओसमोरही असाच घाईतला प्रवासी बसणार आहे, हे मात्र त्याला कोणी सांगितले नव्हते. गुणपत्रक तोपर्यंत सह्या होऊन पाकिटात बंद झाले होते.